भावोजींसाठी पिस्तूल

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बहारीनला, हिद्दच्या एका वर्कशॉपमध्ये मी लेथवर होतो. माझ्या खोलीत राहणारा गाववाला एका इंग्रज साहेबाची गाडी चालवायचा. साहेब कायमचा मायदेशी निघाला आणि रीतीप्रमाणे उरलंसुरलं सामान ड्रायव्हरला देऊन गेला. त्यातल्या शिवणाच्या डब्यात तळहातात मावणारं पिस्तूल निघालं. एकावर एक दोन आखूड नळ्या, सोबत दोन बुटकी, जाड काडतुसं.

"लायटर आहे रे. होणाऱ्या भावोजींना नेतो," तो म्हणाला.

मनामाच्या बाजारात तेव्हा पिस्तुलासारखे लायटर मिळायचे. सुट्टीवर जाणारे हौसेनं न्यायचे. मी काडतूस उलटं करून पाहिलं. गावच्या शिकाऱ्यांच्या काडतुसांना बुडाला मधोमध टिकली असते, तिच्यावर ठोका बसला की बार उडतो. इथे बूड सपाट.

"नकली आहे," मी सांगून टाकलं. त्यानं सगळं बॅगेत कपड्यांत गुंडाळलं.

निघायच्या सकाळी मला राहवेना. त्याला बॅग उघडायला लावली. पिस्तुलाची बाजूची खिटी फिरवली तशा नळ्या वर उचलल्या गेल्या. उजेडाकडे धरून पाहिलं, तर आत पोलादात पीळदार खाचा, गोळीला फिरकी देणाऱ्या. लायटरला अशा खाचा कोण कशाला पाडेल?

"हे नेऊ नकोस. मुंबईच्या कस्टममध्ये सापडलास तर बहिणीचं लग्न राहील बाजूला, तू आत जाशील."

"परवा तर नकली म्हणालास!"

"काडतुसं नकली वाटतात. पिस्तूल खरं वाटतं."

"खऱ्या पिस्तुलाला नकली काडतुसं? मेल्या, तुझी सुट्टी नामंजूर झाली म्हणून जळतोयस तू."

त्यानं पिस्तूल आणि काडतुसं माझ्या खाटेवर फेकली आणि टॅक्सीत जाऊन बसला.

आता ती वस्तू माझ्याकडे. पोलिसांना काय सांगणार? जेवणाच्या सुट्टीत हॅकसॉनं नळ्या कापल्या. काडतुसं कापायचा धीर झाला नाही. ती तशीच समुद्रात टाकली, मागोमाग तुकडेही.

तो परत आला तो घुश्शातच. "भर मांडवात भावोजी म्हणाले, बहारीनहून येऊन साबणच आणलात? आता सांग, कुठाय माझा लायटर?"

"कापला."

"कापला? म्हणजे खरं की नकली, पुरावा मफी, काहीच नाही! खलास!"

त्यानंतर आमचं जेवण एका ताटलीतून कधी झालं नाही. वर्षभरात त्यानं खोली बदलली.

फार पुढे मला कळलं, की काही जुन्या काडतुसांचा पेट घेणारा मसाला बुडाच्या काठातच भरलेला असतो. त्यांना टिकली नसतेच. म्हणजे काडतुसंही खरीच असणार. मी त्याला वाचवलं, असं आता म्हणता येतं. पण मला ते म्हणवत नाही. त्या सकाळी त्याला बॅग उघडायला लावली, तेव्हा तो चाललाय आणि मी राहतोय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. नळीतल्या खाचा मी त्यानंतर पाहिल्या.