मी सांगितलेले वजन

भूपालअण्णांची आणि माझी पहिली भेट सांगलीत, त्यांच्या सायकलींच्या शेडमध्ये झाली आणि त्या पहिल्याच भेटीत मी त्यांच्याशी खोटे बोललो. गौरवलेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळते. पण अण्णांनी पंचाहत्तरी गाठली असताना हे लपवून बाकीचे गोडगोड लिहायला हात धजत नाही.

अण्णा माणसाच्या मापाने पोलादी फ्रेम बांधत. उंची, हात, पाय टेपने मोजत. वजन मात्र नुसते विचारत. शेडमध्ये वजनकाटा त्यांनी कधीच ठेवला नाही. “काट्यावर चढवाय मानूस म्हंजे काय गुळाची ढेप हाय व्हय?” असे म्हणत. त्यांच्याकडे येणारे बहुतेक माझ्यासारखेच, अंगाने भरलेले आणि बाजारातल्या सायकलींनी छळलेले. त्यांना लाजवायचे नाही, हा अण्णांचा नियम. एकदा एक स्थूल नर्सबाई दारातूनच परत निघाल्या होत्या. अण्णांनी त्यांना आत बोलावले, स्वतः चहा केला आणि त्यांचे वजन कुणाला ऐकू जाणार नाही असे विचारून घेतले. त्या अजून त्याच सायकलीवरून दवाखान्यात जातात.

मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो, तरी फ्रेमच्या नळीचे शास्त्र मला अण्णांनीच शिकवले. मी तोऱ्यात सगळ्यात महागडे पोलाद मागितले, तेव्हा ते हसले.

“आवं गुरुजी, भारी पोलाद लवकर मोडत न्हाई, एवढंच. ताठपना साध्या पोलादाइतकाच. त्यो वाढवायचा तर नळीचा घेर वाढवाय लागतोय, न्हाईतर नळी जाड घ्याय लागती. वजन किती तुमचं?”

मागे आमच्या सायकल क्लबातले दोघे मित्र उभे होते. मी ब्याण्णव म्हणालो. होते एकशे अकरा. अण्णांनी एकदा माझ्या पोटाकडे पाहिले आणि ब्याण्णव लिहिले.

पुढच्याच हिवाळ्यात कोयनानगरहून निघून कुंभार्ली घाट उतरताना, पाठीमागे सामान लादलेले असताना, ती फ्रेम लचकू लागली. हँडल थरथरले आणि मी कठड्यावर आदळलो. खांद्याचे हाड मोडले. अण्णा एसटीने कराडच्या दवाखान्यात आले. खाटेजवळ उभे राहून म्हणाले, “नळी बारीक निवडली मी. माजं चुकलं, गुरुजी.” तेव्हाच तोंड उघडायला हवे होते. मी झोपेचे सोंग घेतले.

त्यानंतर अण्णांनी एकही फ्रेम बांधली नाही. चार वर्षे झाली. हात अजून स्थिर आहेत, पण आता ते फक्त पंक्चर काढतात आणि चाकांच्या तारा ताणतात. फ्रेमसाठी आलेल्यांना हात जोडून परत पाठवतात. ती माणसे जाताना दिसली की मला शेडमध्ये बसवत नाही.

अण्णांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लिहितो आहे, हे सांगायला गेलो तेव्हा अण्णा म्हणाले, “लिवा. पर नुसतं ग्वाड लिवू नगासा. तुमास्नी पाडलं, ते बी लिवा.”

अण्णा, आपण मला पाडले नाही. मी सांगितलेल्या वजनाला आपण निवडलेली नळी अगदी योग्य होती. ज्या मित्रांसमोर खरा आकडा सांगायला मी लाजलो, तेही हे वाचतीलच. आपल्यासमोर बसून बोलायचे धाडस मात्र मला आजही झालेले नाही.

आपण धडधाकट राहून शंभरी पाहावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. आपल्या हातांची चार वर्षे मी गप्प राहून खाल्ली. ती मला परत देता येणार नाहीत.