बाबांनी मागितलेली माफी

माझ्या भाषणाला एक खलनायक लागायचा. आमच्या प्रेरणादायी भाषणांच्या धंद्यात लागतोच. 'तुझ्यानं काही होणार नाही' असं कोणी म्हटल्याशिवाय वक्ता मोठा झालाय हे लोकांना पटत नाही, हॉलमधली पोरं जांभया देतात. मला तसं म्हणणारा जन्मात कोणी भेटला नव्हता. मग मी बाबांनाच उभं केलं.

गोष्ट मी दारोदार कुकर विकायचो तेव्हाची. स्टेजवर सांगायचो, आठवडाभर एकही खपला नाही म्हणून बाबांनी कुकर अंगणात भिरकावला आणि 'निंघ घरातून' म्हणाले. इथं आवाज जरा कापवायचा, पाणी प्यायचं. मी लिहिलेल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरणही तेच.

खरं काय? बाबा आमच्या गावाहून, अल्लीपूरहून, रोज हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगवर कामाला जायचे. माझा माल खपेना तेव्हा त्यांनी खाडा केला, सायकलच्या कॅरिअरला कुकर बांधले आणि जिनिंगमधल्या ओळखीवर आजूबाजूच्या गावांत माझ्यासोबत फिरले. "पोराचा माल चांगला हाय, घेऊन त पाहा बाई!" लाज मला वाटत होती, त्यांना नाही. संध्याकाळपर्यंत सगळे कुकर गेले. पण बापाच्या ओळखीवर माल खपवणाऱ्याचं भाषण ऐकायला कोण मरायला येतं?

आता गावोगाव फिरतो. लोक सेल्फी काढतात, पाया पडतात, आणि तासाभरात मी लॉजच्या खोलीत एकटा पार्सलची पोळी-भाजी चिवडत बसतो. फोन करावा असा माणूस एकच, बाबा. पण पुस्तक निघाल्यापासून तोही फोन टाळायला लागलो. त्यांना वाचता येतं. वाचलं का, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

मागच्या हिवाळ्यात कार्यक्रम अल्लीपुरातच ठरला. ती गोष्ट गाळायची, असं मी पक्कं केलं होतं. पण आयोजकांनी पुस्तक वाचलेलं! त्यांनी मला न विचारता बाबांना स्टेजवर आणलं, शाल-श्रीफळ दिलं, आणि निवेदकानं माईक पुढे धरला. "बाबाजी, तवा पोराचा कुकर फेकला होता तुमी. आज कसं वाटून राह्यलं?"

अख्खं गाव समोर बसलेलं. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, शाल सावरली आणि म्हणाले, "चुकलं माह्यं."

काय टाळ्या पडल्या! मीही वाजवल्या. मेले हात आपोआप गेले.

त्यांना गाडीतून घरी सोडताना मी विचारलं, "बाबा, खरं काऊन नाई सांगतलं?"

"पुस्तकात छापलं ना तुनं. लोकायसमोर तुले खोटा पाडू का?"

मला रडूच फुटलं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात येतो, गाव गोळा करतो, सगळं खरं सांगतो.

"आता नोको सांगू," ते म्हणाले. "आता खरं सांगशीन त मी खोटा पडीन."

एवढं मला कळलं नव्हतं, आणि वर्षानुवर्षं मी लोकांना शहाणपण शिकवत होतो. आता गावात त्यांना पाहून लोक म्हणतात, ह्याच बुढ्यानं पोराला हाकललं होतं. टपरीवर चहाला जाणं त्यांनी सोडलंय. मी फोन केला की 'बरा हावो' म्हणतात आणि ठेवून देतात.