काढून टाकलेलं ऐकताना

वडील आमच्याकडे पंजाबात, मोहालीजवळच्या खरड गावी राहायला आले तेव्हा त्यांच्या दोन्ही कानांत मशीन होतं. सांगलीत टेलिफोन खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर हळूहळू कान गेले, मग आई गेली, आणि मी त्यांना इकडे घेऊन आलो. मी मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या एका संशोधन संस्थेत काम करतो. मोहालीत घर परवडेना, म्हणून खरडला फ्लॅट घेतला. मोठ्या खोल्या, खाली गुळगुळीत टाइल्स, भिंती कोऱ्या. टाळी वाजवली की मागून बारीकसं टिंग ऐकू यायचं. आम्हाला त्याची सवय झाली होती.

माझी बायको गाते. नागपूरला एका बाईंकडे ती लहानपणापासून शिकली. लग्नानंतर नोकरी, मग चंदीगड, मग इथलं घर, यात गाणं मागे पडत गेलं, पण सुटलं नाही. गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला बाई वारल्याचा फोन आला. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात बराच वेळ नुसती उभी होती. मग म्हणाली, "बाईंच्या भूपाळ्या आहेत ना, त्या कुणाकडेच रेकॉर्ड केलेल्या नाहीत. त्यांना आवडायचंच नाही. आता त्या फक्त माझ्या गळ्यात आहेत."

"मग करू या," मी म्हणालो.

कॉलेजात असताना मी नाटकांचा साउंड सांभाळायचो, त्यामुळे थोडंफार येत होतं. एक बऱ्यापैकी माइक होता, लॅपटॉप होता. खोलीचा आवाज दाबायला शेजारच्या आंटींकडून रजाया मागून आणल्या. "बेटा, इतनी रजाइयाँ? मेहमान आ रहे हैं क्या?" असं विचारत त्यांनी वर एक घोंगडीही दिली. ते सगळं भिंतींवर टांगलं आणि मध्ये बसून ती गायली.

पहिली भूपाळी तयार झाली तेव्हा आम्ही वडिलांना ऐकायला बसवलं. मी स्पीकर लावले. सुरुवातीला ते मान डोलवत होते. मग सूर वर चढला आणि त्यांनी चटकन दोन्ही मशीन काढून खिशात ठेवली. गाणं संपेपर्यंत ते हसऱ्या चेहऱ्यानं बसून राहिले.

"छान गातेस, पोरी," ते म्हणाले.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी मला म्हणाली, "बाबांना माझा आवाज सहन होत नाही."

मी वडिलांना विचारलं. ते ओशाळले. "अरे, तिचा आवाज वाईट नाही. पण मधेच काहीतरी टोचतं बघ. सुई टोचल्यासारखं. वरच्या पट्टीत गेली की."

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांना वरचे, बारीक सूर ऐकू येत नाहीत आणि मशीन नेमके तेच मोठे करून देतं. मी हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. आता कळल्यावर मलाही ते ऐकू आलं. विशिष्ट सुरावर 'ई'सारखा विशिष्ट उच्चार आला की आवाजातून एक शिट्टी उठायची. थोडी खोलीची, थोडी माइकची. रजायांनी ती पुरती गेली नव्हती.

मी लॅपटॉपवर हातानं त्या शिट्टीच्या उंचीचे सूर कमी केले. शिट्टी गेली, पण आवाजही गेला. बायको म्हणाली, "मी पांघरूण घेऊन गातेय का?" खरंच होतं. शिट्टी सगळीकडे नव्हती, क्षणभर यायची आणि जायची, आणि मी मात्र तिथला आवाज सगळ्या गाण्यातूनच कापून टाकला होता.

मग शोधता शोधता मला कळलं की याच कामासाठी वेगळे प्लगइन असतात, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचे छोटे प्रोग्रॅम. ते आवाज सतत ऐकत असतात. जी कंपनं इतरांपेक्षा उगाच वर डोकं काढतात तेवढीच, तेवढ्याच क्षणापुरती दाबतात आणि सोडून देतात. त्यातला जो सगळ्यांत नावाजलेला, त्याची किंमत बघून मी लॅपटॉप मिटला. पण त्याची काही दिवसांची फुकट चाचणी मिळत होती. दुसरा एका लहान कंपनीचा होता, आमच्या आवाक्यातला. तिसरा कुणीतरी हौसेनं बनवून लोकांना वाटला होता. मी तिन्ही उतरवून घेतले.

रविवारी दुपारी, बाहेर हिवाळ्यातलं उबदार ऊन पडलेलं असताना, मी पहिल्यांदा तो दुसरा प्लगइन चालू केला. पडद्यावर तिच्या आवाजाची रेघ उमटली आणि प्लगइन जिथं दाबत होता तिथं तिच्यावर खळगे पडू लागले. ती गात होती तसे ते उघडत होते, मिटत होते, सरकत होते. 'आ'ला एक रूप, 'ई'ला दुसरं. तोच शब्द दुसऱ्यांदा आला तर तिसरंच. कामावर मी दिवसभर आलेखच बघतो. पण माणसाचा गळा एका श्वासात इतक्या वेळा बदलतो हे मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मी ती ओळ पुन्हा पुन्हा लावून नुसता बघत बसलो. पंधरा वर्षं या आवाजाशेजारी राहतोय आणि तो मला माहीतच नव्हता, असं वाटलं.

मग बायकोला पडद्याकडे पाठ करून बसवलं. कुठला चाललाय ते तिला सांगितलं नाही.

फुकटचा लावला. "पाण्याखालून येतोय," ती म्हणाली.

महागाचा लावला. ती विचारात पडली. "गुळगुळीत आहे रे. कुठं बोट ठेवावं असं काहीच नाही. पण ही मी नाही."

यात प्लगइनची चूक नव्हती. तो मीच फार जोरात लावला होता. पण ते कळलं थोड्या वेळानं. आवाक्यातला लावला तेव्हा ती म्हणाली, "हा बरा आहे. पण यातनंही काहीतरी गेलंय. काय ते सांगता येत नाही."

त्या प्लगइनला एक बटण होतं. ते दाबलं की गाणं बंद होतं आणि प्लगइन जे काढून टाकतोय फक्त तेवढंच ऐकू येतं. मी सहज दाबलं.

स्पीकरमधून काहीतरी विचित्र यायला लागलं. शिट्ट्या, किणकिण, तुटक तुकडे, शब्द नाहीत. आणि त्यामागे, कुणीतरी लांबच्या खोलीत गातंय तशी एक रेघ. थोडी नाकातली, धारदार, शेवटाला किंचित वर वळणारी.

बायको एकदम मागे वळली. तिचा हात तोंडावर होता.

"हे काय आहे?"

"आपण काढून टाकतोय ते."

"पुन्हा लाव."

मी पुन्हा लावलं. ती पुढे सरकून स्पीकरच्या अगदी जवळ बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"या बाई आहेत," ती म्हणाली. "अरे, हा माझा आवाज नाही. बाई अशा गायच्या. सूर सोडताना त्यांना अशी धार यायची. मी कधी शिकले हे? त्यांनी तर कधी शिकवलं नाही."

नागपूरच्या एका खोलीत वर्षानुवर्षं समोर बसून तिनं जे नकळत उचललं होतं, ते आता बाकीचं सगळं बाजूला झाल्यावर वेगळं ऐकू येत होतं. आणि नेमकं तेच मी स्वच्छता म्हणून फेकून देत होतो.

पुढचे दोन-तीन तास आम्ही एकच काम केलं. मी जोर थोडा कमी करायचो, ते बटण दाबायचो, आणि ती ऐकायची. "अजून आहेत बाई यात." मी आणखी कमी करायचो. "अजून आहेत." शेवटी असा एक क्षण आला की काढलेल्यात नुसतं टाइल्सचं टिंग उरलं, कोरडं, कुणाचंच नसलेलं. ती म्हणाली, "बस. आता त्या गाण्यात गेल्या."

आम्ही तोच प्लगइन विकत घेतला. तितकाच हलका लावला असता तर बहुधा महागाचाही चालला असता. पण आमच्यासाठी प्रश्न तिथं संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील अंघोळ करून बसले होते. बायकोनं स्वतः जाऊन विचारलं, "बाबा, परत एकदा ऐकता का? टोचलं तर लगेच काढा मशीन, मला काही वाटणार नाही."

ते तयार झाले, पण त्यांचा एक हात आधीच कानाजवळ गेला होता. मी गाणं लावलं. सूर चढायला लागला तसे ते ताठ झाले. सूर वर गेला, तिथं थांबला, वळून खाली आला. त्यांचा हात कानाजवळ तसाच राहिला आणि मग सावकाश मांडीवर आला. त्यांनी पूर्ण भूपाळी ऐकली.

संपल्यावर ते बायकोकडे बघून म्हणाले, "प्रत्येक ओळीच्या आधी तू श्वास घेतेस."

"हो, घेतेच की."

"मला ऐकू आला." ते म्हणाले. "माणसाचा श्वास किती वर्षांत ऐकला नव्हता गं मी."

ती त्यांच्या पायाशी टाइल्सवर बसली. वडिलांनी मला स्पीकर बंद करायला खुणावलं आणि तिला म्हणाले, "आता अशीच म्हण, माझ्यासमोर."

तिनं गळा साफ केला आणि सुरुवात केली. ते पुढे वाकून, डोळे उघडे ठेवून, तिच्या गळ्याकडे बघत राहिले.