चौदा दातांचं स्प्रॉकेट

शंकरमामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर रविवारची यादी होती आणि चौथ्या ओळीत त्यांचंच नाव होतं. 'मामा – स्प्रॉकेट बदलणे.' अकरा वर्षं पेठच्या डोंगरात आरोग्यसेविका म्हणून काढल्यावर माझी नाशिकला बदली झाली होती आणि मोटरसायकल पुन्हा सपाट रस्त्यासाठी लावून घ्यायची होती. मामेभाऊ दिनेश फोनवर म्हणाला, "ताई, सकाळी चहा घेतला, आणि बसल्या जागीच..." या गोष्टीला दीड महिना झाला. ती ओळ मात्र परवापर्यंत तशीच होती.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते, निवृत्तीनंतर अंबडला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करायचे. त्यांची एक सवय सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत होती. चेन ज्या दातेरी चाकावर फिरते ते स्प्रॉकेट बदलायचं असलं, की दात गिऱ्हाइकानंच मोजायचे. एका दातावर खडूची खूण करायची, बोट ठेवत पुढे जायचं आणि खुणेशी परत आलं की थांबायचं. डब्यावर आकडा छापलेला असतो असं कुणी म्हटलं, तर म्हणायचे, "डबा बसवायचाय का गाडीत?" मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा.

पेठला रुजू झाले तेव्हा गाडी नवी होती. मागे लसींचा डबा, त्यात बर्फ, आणि पाड्यांवर जाणारे उभे चढ. गाडी धापा टाकायची. मी उतरून ढकलत न्यायची. एकदा वरच्या पाड्यावरची म्हातारी दारातून ओरडली, "बाई, गाडी तुला आनते का तू गाडीला?" सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन बदलीचा अर्ज लिहिला. तो सोमवारी द्यायचा होता. तरी शेवटचा उपाय म्हणून शनिवारी बाजारातून पुढचं, इंजिनाजवळचं स्प्रॉकेट आणलं, मुद्दाम एक दात जास्तीचं. मोठं चाक, जास्त ताकद, असा माझा साधा हिशेब.

अंबडच्या शेडमध्ये मामांनी ते माझ्याकडून मोजून घेतलं. पंधरा. मूळचं चौदा. त्यांनी ते बसवलं आणि माझ्यामागे येऊन बसले. "चल, पुलाच्या चढावर. लसींचा डबा समज मला."

"मामा, डबा एवढा जड नसतो."

"बर्फ जास्त भरलाय म्हण."

अर्ध्या चढावर गाडीनं आचके दिले आणि बंद पडली. मागून हॉर्न वाजायला लागले. मामा शांतपणे उतरले. "आता सांग वैशू, तुला पळायचंय का चढायचंय?"

"चढायचंय."

"मग पुढचा दात कमी करायचा. इंजिनाची ताकद आहे तेवढीच राहते. पळणं थोडं सोडायचं, ओढ मिळते. सरळ रस्त्याला गाडी जरा ओरडेल, ओरडू दे."

परत येऊन तेरा दातांचं बसवलं. त्याच चढावर, त्याच जड डब्यासकट, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये वर गेली. मला आठवतं, वर पोचल्यावर मी उगाचच हॉर्न वाजवला होता. काढलेलं चौदाचं स्प्रॉकेट मी भंगारात टाका म्हटलं. मामांनी ते तारेत ओवून खिळ्याला अडकवलं. "असू दे. सपाटीला आलीस की लागेल."

पर्समधल्या अर्जाबद्दल मी त्यांना सांगितलं नव्हतं... शेवटपर्यंत नाही. सोमवारी तो दिला मात्र नाही. पुढच्या अकरा वर्षांत पावसानं रस्ता वाहून गेला म्हणून पाडे राहिले, लस आली नाही म्हणून राहिले, पण गाडी चढत नाही म्हणून एकही राहिला नाही. त्या म्हातारीच्या दोन्ही पणत्यांना मीच टोचलं. पेठ सोडायच्या बेतात असलेल्या मला मामांनी एका दातावर टिकवलं.

गेल्या आठवड्यात दिनेशनं शेड आवरली आणि एक पुडकं आणून दिलं. आत ते स्प्रॉकेट होतं. तारेला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर मामांचं अक्षर : 'वैशू. सपाटीला आली की.' गंजाचा ठिपका नव्हता. "दर दिवाळीला शेड झाडताना तेल लावायचे त्याला," दिनेश म्हणाला.

परवा आमच्या कॉलनीतल्या मेकॅनिककडे नवी चेन आणि मागचं नवं स्प्रॉकेट घेऊन गेले. पुढचं मामांचंच. त्यानं हात पुढे केला.

"थांब, मोजते."

"ताई, चौदाच आहे. बघून कळतं मला."

मी पर्समधून खडू काढला. एका दातावर खूण केली आणि बोट ठेवत निघाले. तो पाना हातात धरून थांबला. तेलानं बोट काळं होत गेलं... बारा, तेरा, चौदा. बोट पुन्हा खडूशी आलं, तेव्हा स्प्रॉकेट त्याच्या हातात दिलं.