दोन चुलींमधली दुभाषी

आदिलाबादच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये डावीकडच्या बाकांवर मराठी घरं बसत आणि उजवीकडे तेलुगू. उपदेशक म्हणजे माझे वडील. ते मराठीत एक वाक्य बोलून थांबत आणि शेजारी उभी असलेली मी ते तेलुगूत सांगे. उजवीकडून कोणी प्रार्थनेला उठलं की त्याचं मराठी करायचं तेही मीच. सगळी मंडळी डोळे मिटून बसे, पण मला मिटता येत नसत. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं नाही तर वाक्य निसटायचं. निजामाबादच्या बोर्डिंगात चार वर्षं काढून तेलुगू शिकले, त्यातून हे काम गळ्यात पडलं. चौदाव्या वर्षी वडिलांशेजारी उभी राहिले ती एकोणिसावं लागलं तरी तिथेच. मला ताप आला की दोन्ही बाजू कळकळीने प्रार्थना करत, आणि मी पांघरुणात चिडत असे, कारण त्यांना मी रविवारपर्यंत बरी व्हायला हवी असे.

त्या वर्षी वर्ध्याकडच्या एका मिशन दवाखान्यातून पत्र आलं. नर्सिंगच्या शिक्षणाला जागा होती; जानेवारीत हजर व्हायचं, नाहीतर ती दुसरीला. पत्र मी आईच्या हाती दिलं. तिने ते वडिलांना वाचायला लावलं. ते म्हणाले, मंडळीला विचारू. मंडळी काय म्हणेल ते मला ठाऊक होतं, म्हणून मी पत्र पेटीच्या तळाशी ठेवून दिलं. सगळ्यांचे माझ्यावर एवढे उपकार, एवढी माया, की त्यातून पाऊल उचलायला जागाच नव्हती.

राज्यांची नवी वाटणी झाली तीही त्याच वर्षी. निजामाचं राज्य जाऊन फार काळ झाला नव्हता, कचेरीतले कारकून अजून उर्दूतच खेकसत, तेवढ्यात आम्ही आंध्र प्रदेशात गेलो. पैनगंगेपलीकडे मराठी मुलूख, अलीकडे आम्ही. डावीकडच्या बाकांवर कुरकुर सुरू झाली, की आता सगळं यांचंच. उजवीकडून उत्तर येई, की मग नदी ओलांडा. बाजारापुरती हिंदी सगळ्यांना येई, पण मनातलं बोलायला ती पुरत नसे, म्हणून हे सगळं माझ्याकडे पोचवायला येई. मी ते पोचवतच नसे. ‘आता सगळं यांचंच’ याचं मी ‘आता आपण सगळे एकच’ असं करी. ‘नदी ओलांडा’ याचं काय केलं होतं ते आठवत नाही, पण ऐकून डावी बाजू खूश झाली होती. पोरीमुळे मंडळी एक आहे, असं सगळे म्हणत. मी गेले तर दुसऱ्याच रविवारी यांना एकमेकांचं खरं बोलणं ऐकू येईल, या भीतीने माझे पाय बांधलेले होते. आणि बांधले होते मीच.

ज्वारी निघाली की आमचा उपकारस्तुतीचा रविवार येई. पहिलं पीक वेदीपुढे ठेवायचं आणि त्याचाच स्वयंपाक करून गावाबाहेरच्या महारोग्यांच्या वस्तीत न्यायचा, अशी रीत. चर्चच्या मागे दोन चुली पेटत. मराठी चुलीवर माझी आई ज्वारीच्या भाकरी थापी. तेलुगू चुलीवर भात आणि पप्पू, म्हणजे त्यांचं चिंच घातलेलं तुरीचं वरण. ती चूल पेद्दम्माची. पेद्दम्मा म्हणजे थोरली मावशी. तिकडची पोरं तिला तसं म्हणत, म्हणून मीही.

दरवर्षी पेद्दम्मा मला सांगे, तुझ्या आईला म्हणावं, वस्तीत पोचेपर्यंत भाकरी वाळून कडक होते, त्या लोकांनी ती मोडायची कशी. मी वळून आईला सांगे, पेद्दम्मा म्हणते भाकरी फार छान झालीय. आई उलट विचारी, यांच्या त्या भाताने कोणाचं पोट भरतं का. मी पेद्दम्माला सांगे, भात मोकळा झालाय म्हणते आई. आई खूश होऊन पुढच्या वर्षी आणखी एक टोपली भाकरी करी. आईच्या भाकरीला नावं ठेवायची माझी छाती नव्हती.

लग्नाच्या पोरींना वस्तीत नेत नसत. त्या वर्षी मात्र मी हट्ट करून आई आणि पेद्दम्माबरोबर गेले. नर्स व्हायचं नशिबात नसेल तर निदान एकदा बघू तरी, एवढाच विचार. वाढताना एका म्हाताऱ्याने ताटातली भाकरी दोन्ही मनगटांत धरून उचलली आणि बाजूच्या मडक्यात टाकली. त्याला बोटं नव्हती. मी विचारलं तर मराठीतच हळूच म्हणाला, “भिजू घालतो बाई. उद्या खातो. हातानं मोडत नाई ना. तुह्या मायले नको सांगू, लय जीव लावून करते थे.”

माझ्यासारखाच गोड बोलणारा आणखी एक. मला भयंकर लाज वाटली. पाच वर्षं मी दोन चुली एकत्र ठेवल्या होत्या, आणि पाच वर्षं हा माणूस गरम जेवणाच्या दिवशी भाकरी भिजत घालून बसला होता.

मी तिथेच उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. आईला मराठीत, पेद्दम्माला तेलुगूत, कोण काय म्हणत होतं ते जसंच्या तसं. आईचं तोंड उतरलं. पेद्दम्माने पदर खोचला आणि पाठ फिरवली. बायका वाढायच्या थांबल्या. आता टोपल्या उचलून दोघी दोन वाटांनी जाणार, असं मला वाटलं.

“तू काऊन मले सांगतलं नाई?” आई एवढंच म्हणाली. उत्तराला थांबली नाही. टोपली उचलून ती पेद्दम्माच्या पातेल्याजवळ जाऊन बसली आणि भाकरी कुस्करून त्या आंबट वरणात घालू लागली. पेद्दम्मा वळली आणि समोर बसून तिनेही एक भाकरी घेतली. दोघी कुस्करत होत्या आणि आपापल्या भाषेत पुटपुटत होत्या. कौतुक नक्कीच करत नव्हत्या. मला कोणी हाक मारली नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मला रागच आला, की माझ्यावाचून यांचं चालतं.

सगळे जेवले. निघताना पेद्दम्माचा नवरा तेलुगूत उपकारस्तुतीची प्रार्थना करायला उभा राहिला. सवयीने मी त्याच्या शेजारी जायला निघाले, तर आईने मनगट धरलं.

“राहू दे. जाय तू त्या दवाखान्यात, मी सांगतो तुह्या बापाले. तू असली का आमी गोड बोलतो. तू गेली का भांडू, पण याईच्या पोटात काय जाते थे तं समजन.”

जानेवारीत मी गेले. पण त्या दुपारी, आई मनगट सोडत नव्हती तेव्हा, मी पाच वर्षांत पहिल्यांदा प्रार्थनेत डोळे मिटले, आणि स्वतःचं असं देवाला काय सांगायचं ते मला सुचेना.