आमच्या गल्लीचा फोटो, रश्मीच्या भिंतीवर

"गल्लीतून मयत निघाली का आपलं शटर अर्ध्यावर आणावं, पोरी," बाबा एकदा म्हणाले होते. जुन्या रायपुरात, तात्यापाऱ्यात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणायची.

आज दुपारी ऑफिसातल्या रश्मीकडे, तिच्या नव्या रायपुरातल्या फ्लॅटवर जेवायला गेले. सोफ्याच्या वर जुन्या दुकानांचे तीन काळेपांढरे फोटो लावलेत.

मधला आमच्या गल्लीचा निघाला. सगळी शटरं अर्ध्यावर. आमचं एकच पूर्ण बंद, आणि त्यावर कुणीतरी खडूने लिहिलेलं, 'भाऊ नहीं रहे'.

"दीदी, इसका मूड देखो ना," रश्मी म्हणाली. "ऑनलाइन मंगाया, तीन का सेट है."

मी "हव" म्हटलं आणि भातावर वरण घेतलं. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

बाबांना नेलं त्या दिवशी मी नागपूरहून पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती दुपार मी आज पहिल्यांदा पाहिली.

रश्मी, मराठी तुला वाचता येतं. तोंडावर मागता आलं नाही, म्हणून इथे पोस्टमध्ये सगळ्यांसमोर लिहितेय. सेट मोडेल म्हणून तू नाहीच म्हणशील, हे कळतं. तरी विचारते, मधला फोटो मला देशील?