किल्लीची सुतळी

माझ्या मामाला लोक ‘सुतळीमामा’ म्हणतात, आणि ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तीस वर्षं हा माणूस बंद पडलेल्या गाड्या पिकअपमागे बांधून गॅरेजला नेतोय, कुणाला साधं खरचटू दिलेलं नाही, आणि कौतुक काय, तर सुतळी!

मामा दोर वापरत नाही. दोराने ओढलेली गाडी उतारावर पुढच्या गाडीवर येऊन आदळते, म्हणून तो लोखंडी दांडा लावतो. गिअर न्यूट्रलला आहे ना बघतो, हॅन्डब्रेक सोडतो, मागच्या गाडीत बसणाऱ्याकडून दहा वेळा ब्रेक दाबून घेतो. शेवटी किल्ली अर्धी फिरवून स्टेअरिंगजवळच्या वायपरच्या दांडीला सुतळीने बांधून टाकतो. जुन्या गाडीची किल्ली काढली की स्टेअरिंग जाम होतं. दुसऱ्या एका टोचनवाल्याने ओढत नेलेली गाडी अशीच खांबावर गेली होती, तेव्हापासूनची ही सुतळी.

त्या दिवशी वकीलसाहेबांची जुनी गाडी न्यायची होती. मला गॅरेजजवळच कामावर जायचं होतं, म्हणून मी मामाशेजारी बसले होते. मागे आपल्या गाडीत स्टेअरिंगवर बसलेले साहेब सुतळी बघून हसले.

“अहो, मी काय लहान मूल आहे? चाळीस वर्षं गाडी चालवतोय.”

“राहू द्या साहेब, किल्लीला हात लावू नका,” मामा म्हणाला.

आम्ही निघालो. मामाचा वेग असा, की सायकलवाले पुढे जात होते. गॅरेजच्या अलीकडच्या वळणावर पिकअपला मागून हिसका बसला. मामाने तिथल्या तिथे ब्रेक लावला. साहेबांची गाडी वळलीच नव्हती. ती कठड्याला घासून उभी होती आणि पुढचा दिवा फुटला होता.

साहेब उतरले ते ओरडतच. “असं टोचन करतात? जीव गेला असता माझा!” आवाज ऐकून गॅरेजवाला धावत आला. मामाला सगळी कामं त्याच्याकडूनच मिळतात. साहेबांनी त्यालाच धरलं. “या माणसाला पुन्हा माझ्याकडे पाठवलंत, तर माझी एकही गाडी तुमच्याकडे येणार नाही. माझ्या ओळखीतल्या कुणाचीही नाही!”

गॅरेजवाला मामाकडे बघेना. म्हणाला, “मामा, काही दिवस थांबा जरा. मी सांगतो तुम्हाला.” तीस वर्षं एका वाक्यात गुंडाळली त्याने! मी तोंड उघडणार, तर मामाने माझा हात दाबला. मला त्याचाही राग आला. माणसाने इतकं गप्प का राहावं?

गॅरेजवाला गाडीत बसला. चाक हलेना.

“स्टेअरिंग लॉक झालंय. साहेब, किल्ली?”

साहेबांनी सवयीने शर्टाच्या खिशात हात घातला आणि किल्ली काढून दिली. गाडी बंद असली की किल्ली खिशात, ही त्यांची चाळीस वर्षांची शिस्त. किल्लीला वीतभर सुतळी लोंबत होती. गॅरेजवाल्याने ती सुतळी बोटांत धरून पाहिली आणि मान खाली घातली.

मामाने किल्ली घेतली. गाठ त्याने मारली होती तशीच घट्ट होती. सुतळी मधेच कापलेली होती.

“साहेब,” तो म्हणाला, “गाठ सुटत नव्हती, तेव्हाच मला हाक मारायची.”